मानेवर सोने

सावळघाट
ता. २४ जून १९७३

ति. मैनाताईस,

श्रावणचा नमस्कार. आम्ही दोघे ठीक आहोत असे लिहावे लागते म्हणून लिहितो.

सुताला खळ द्यायचे तीन कुंचे मौद्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिले आहेत. दोन तुझ्या मागासाठी, एक शेजारच्या रंभाबाईसाठी. वाळ्याच्या मुळ्या ह्या साली लांब आणि चिवट निघाल्या. पोचले की नाही ते लगेच कळव. मागच्या वेळी तू कळवले नाहीस आणि मी पंधरा दिवस कंडक्टरवर संशय घेत बसलो.

आता दुसरी गोष्ट. हे पत्र बंद पाकिटात टाकतो आहे, कारण आमचा पोस्टमन कार्डे वाचतो आणि मग पारावर बसून त्याच्यावर बोलतो. तूही कार्ड लिहू नकोस.

आमच्या गावात मनोहरराव नावाचा माणूस येऊन राहिला आहे. रेल्वेत गार्ड होता. बायको वारली, मुलगा भोपाळला असतो. उन्हाळ्यात त्याने गुलाबचंदच्या दुकानामागच्या दोन खोल्या घेतल्या. इतकी गावे सोडून इथेच काहून, असे मी गुलाबचंदला विचारले. तो म्हणाला, "म्हातारीसाठी आला गा. पाखरं पाह्यते अन् वहीत लिहिते. बोलाले गोड आहे."

म्हातारी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू बारा वर्षांची होतीस आणि मी आठ, तेव्हाच्या पुरात कन्हानने वळणाची मान कापली आणि सरळ निघून गेली, ते आपण दोघांनी पाटलाच्या माळ्यावरून पाहिले. मागे राहिलेल्या वळणात तेव्हा नुसते गढूळ पाणी होते. मग दोन्ही तोंडांना गाळ बसला आणि ते पाणी आपले आपण राहू लागले, तीच ही म्हातारी. आता बाहेरच्या काठाशी दोन पुरुष खोल आहे, आतल्या काठाशी गुडघाभर. तिथे कमळ आणि शिंगाडा, त्याच्या अलीकडे लव्हाळा, मग चिखल, आणि चिखलाच्या वर वाळा. त्याच वाळ्याच्या मुळ्यांवर तुमच्या तांडापेठेतली खळ चालते.

मुळ्या शोभाची माय खणते, मी बांधतो. चाळीस वर्षे असेच चालले आहे. ती सकाळी लवकर जाते आणि ऊन चढायच्या आत येते. आता ऊन चढते तरी येत नाही. परवा मी काठी टेकत बांधापर्यंत गेलो. पाहतो तर मनोहरराव स्टुलावर बसलेला, डोळ्याला दुर्बीण, आणि ही गुडघाभर पाण्यात उभी राहून हाताने काही दाखवते आहे. त्याने दुर्बीण तिच्याकडे दिली. तिने ती उलटी धरली. दोघे हसले.

घरी आल्यावर मी म्हटले, "इतका वेळ काय करून राहिली होती वं?"

"मुळ्या."

"आन् तो?"

"त्याइले पाखरं दाखवून राहिली होती. त्याइले काही दिसत नाही. पाखरू समोर बसते आन् ते पुस्तकात पाह्यतेत."

चाळीस वर्षांत मी तिला असे हसताना पाहिले नव्हते. माझ्याकडे दुर्बीण नाही हे खरे आहे. तरीपण.

जेवण जात नाही. तुझे काय मत आहे ते लिही.

श्रावण


तांडापेठ, नागपूर
ता. २ जुलै १९७३

चि. श्रावण यास आशीर्वाद.

कुंचे तिन्ही पोचले. रंभाबाईच्या कुंच्याची गाठ सैल आहे. तुझे चित्त ठिकाणावर नाही हे मी त्या गाठीवरून ओळखले, पाकीट नंतर उघडले.

तू लहान होतास तेव्हा माय माझ्या वेणीला बसली की तू तिचा पदर ओढत असायचास. एकदा मला चावला होतास, दंडावर. खूण अजून आहे. तुझे दात गेले, पण सवय गेली नाही असे दिसते.

अरे, रुख्मा बासष्ट वर्षांची आहे. तिला गुडघाभर चिखलात उभी पाहून कोणाला काही वाटत असेल तर त्या माणसाला दुर्बिणीची गरजच आहे. तू जळतोस तरी कोणावर? त्या म्हाताऱ्यावर, की म्हातारीवर? आधी ते ठरव, मग जेवण सोड.

आणि एक विचारते. तू स्वतः तिच्याबरोबर म्हातारीवर शेवटचा कधी गेला होतास? बांधापर्यंत नाही. पाण्यापर्यंत.

आमच्याकडे इकडे पाऊस बरा आहे. माग चालू आहे. ह्यांचा खोकला तसाच.

मैना


सावळघाट
ता. १३ जुलै १९७३

ति. मैनाताईस नमस्कार.

तू मस्करी केलीस. मस्करीची गोष्ट नाही हे आता सिद्ध झाले आहे.

पाण्यापर्यंत मी जात नाही, कारण माझे गुडघे. हे तुला माहीत असून तू विचारलेस. शिवाय मुळ्या खणणे हे बाईचे काम आहे आणि बांधणे पुरुषाचे, आपल्या बापूंच्या वेळेपासून. मी काही नवीन केलेले नाही.

आता ऐक. मंगळवारी मी तंबाखू आणायला गुलाबचंदकडे गेलो. मनोहररावाच्या खोलीचे दार उघडे होते आणि तो विहिरीवर आंघोळीला गेला होता. खाटेवर त्याची वही होती. वही उघडीच होती. उघड्या वहीकडे पाहणे म्हणजे चोरी नव्हे. मी तिसरी शिकलो आहे, तो जोडून जोडून लिहितो, त्यामुळे मला पाचसहा ओळीच लागल्या. त्या मी तोंडपाठ करून घरी आलो आणि कुंच्याच्या कागदावर लिहून ठेवल्या. जशाच्या तशा खाली देतो.

"…… आज सकाळी पावणेसातला आली. एकटीच. मानेमागे सोने, उन्हात लखलखले. पाय लांब, चाल फार नाजूक. माझ्यापासून वीस हातांवर थांबली. मी हललो नाही. इतके सुंदर काही मी आयुष्यात फार थोडे पाहिले आहे."

जिथे टिंबे दिली आहेत तिथे शोभाच्या मायचे नाव होते. नुसते नाव, पुढे बाईसुद्धा नाही. ते मी लिहीत नाही. मी ते कधी उच्चारलेही नाही. लग्नात घास देताना घेतले तेवढेच, तेही तू मागून चिमटा काढलास म्हणून. आणि हा परका माणूस ते वहीत लिहितो.

ताई, मानेवर सोने कुठले? तिच्या गळ्यात काळी पोत आहे. सोन्याचे दोन मणी होते ते शोभाच्या लग्नात शोभाला गेले. मग हे सोने कोणी दिले? ती पाण्याला गेली तेव्हा मी तिची पेटी पाहिली. दोन लुगडी, शोभाचे लहानपणचे झबले, आणि पाखरांची पिसे एका फडक्यात बांधलेली. सोने नाही. म्हणजे ती ते बाहेर ठेवते आणि म्हातारीवर जाताना घालते.

जेवताना मी तिच्या मानेकडे पाहिले.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही."

"मान पाहून राहिले तुमी. काही चिकटलं का?"

मग मी पायांकडे पाहिले. लांब म्हणावे असे पाय नाहीत. खरे सांगायचे तर मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते. टाचांना भेगा आहेत आणि भेगांत काळा चिखल आहे, धुऊन न जाणारा. त्या पायांना तो नाजूक म्हणतो.

तू तिला काही सोन्याचे दिले होतेस काय? दिले असशील तर तसे लिही, म्हणजे माझ्या मनावरचे ओझे उतरेल. दिले नसशील तर मी काय करू ते लिही.

श्रावण


तांडापेठ, नागपूर
ता. २० जुलै १९७३

चि. श्रावण यास आशीर्वाद.

मी रुख्माला सोने दिलेले नाही. माझ्याकडे असते तर आधी माझ्या मानेवर दिसले असते.

त्या ओळी मी तीनदा वाचल्या. काहीतरी चुकते आहे, पण काय ते मला इथून समजत नाही. तूही तिथून समजल्यासारखे करू नकोस. घरात एक बाई आहे, तुला एक तोंड आहे. विचार. "अवं" म्हणून नको, नाव घेऊन विचार. दचकेल, पण खरे बोलेल.

विचारण्यापलीकडे दुसरे काही करायचे नाही, हे मी तुला मोठी म्हणून सांगते. तुझा राग तोंडातून निघत नाही, हातातून निघतो. बापूंनी तुझ्या भावाला, दादाजीला, मागाचा नवा धोटा दिला आणि तुला जुना, तेव्हा तू काहीच बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी नवा धोटा चुलीत सापडला. तू म्हणालास मांजरीने टाकला.

वहीच्या गोष्टीवरून माणसाचा अपमान करू नकोस. चोरून वाचलेस हे तुलाच सांगावे लागेल.

मैना


सावळघाट
ता. ४ ऑगस्ट १९७३

ति. मैनाताईस नमस्कार.

तुझे पत्र उशिरा पोचले. वेळेवर पोचते तर बरे झाले असते. पोस्टाचे काही खरे नाही.

इकडे एक विचित्र झाले आहे. म्हातारीचे पाणी चार दिवसांत निघून गेले. खालच्या तोंडाचा गाळ फुटला आणि पाणी कन्हानला जाऊन मिळाले. घुशीने पोखरले असेल असे सगळे म्हणतात. मीही तेच म्हणतो. भर पावसाळ्यात कमळाची पाने चिखलावर लोळत पडली आहेत. बगळे खूष आहेत, अडकलेले मासे उचलतात. कुत्री आत शिरतात, आधी शिरत नव्हती. लव्हाळ्यात जी पाखरे रोज कालवा करायची ती कुठे गेली कोणास ठाऊक. सकाळी घरापर्यंत आवाज यायचा, आता येत नाही. मनोहरराव दिवसभर काठावर उभा असतो. दुर्बीण गळ्यात असते, डोळ्याला लावत नाही. मला वाटले होते तेवढे बरे वाटले नाही.

माझ्या हातांना फोड आले आहेत म्हणून अक्षर वाईट आहे. कुंचे बांधून आले.

शोभाची माय गेल्या सोमवारी पिशवी घेऊन निघाली. उमरेडला शोभाकडे जातो म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली. काल उमरेडचा माणूस कुंचे न्यायला आला, त्याने सांगितले की ती तिकडे आलीच नाही. मनोहरराव इथेच आहे, ते मी दिवसातून दोनदा पाहून येतो.

मी तिला विचारले नाही. विचारणार होतो.

तुझ्याकडे आली आहे काय? असेल तर "आहे" एवढेच लिही. कार्ड लिहिले तरी चालेल, कार्ड लवकर येते.

श्रावण


तांडापेठ, नागपूर
ता. ९ ऑगस्ट १९७३

श्रावण,

आहे.

एवढ्यावर थांबणार होते, पण तुला ते पुरणार नाही आणि मलाही नाही.

त्याच सोमवारी दुपारी दारात उभी राहिली. पायाला चिखल तसाच. मी म्हटले, "काहून आली वं एकाएकी?"

"म्हातारी गेली, ताई."

मला वाटले गावात कोणी वारले. "कोणती म्हातारी?"

"आपली. तुमच्या भावानं पाणी सोडून देलं. फावड्याले ओला चिखल, हाताले फोड, आन् मले सांगते घुशीनं पोखरलं."

मांजर, मग घूस. साठ वर्षांत तुझे जनावर तेवढे बदलले.

तिला जेवू घातले आणि मग तुझे पत्र काढले. त्या वहीतल्या ओळी मी तिला वाचून दाखवल्या, टिंबांच्या जागी तिचे नाव घालून. ती म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचले. मग म्हणाली, "ते मी नोहो. ते पाखरू हाये."

तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत देते, म्हणजे तू मला दोष देणार नाहीस.

"कमळाच्या पानावर चालते ते. बोटं अशी लांबच लांब, पान बुडत नाही. मागून मान पिवळी, सोन्यावानी. आपल्यात त्याले नाव नाही. मनोहररावानं विचारलं याले काय म्हणता, मी म्हटलं काही नाही म्हणत, नुसतं पाह्यतो. तं ते म्हणाले, पुस्तकात सापडेपर्यंत तुमचं नाव लिहितो. काय नाव तुमचं? ताई, मले सांगाले वेळ लागला. कोणी विचारतच नाही. शोभाची माय म्हणतेत, नाहीतं अवं."

"मग?"

"मग सांगतलं. त्याइनं लिहिलं. म्या पाह्यलं, दोनतीन अक्षरं असतील. मले वाचता येत नाही पण माहं हाये म्हणून बराच वेळ पाह्यलं."

समजले का? ते सोने पाखराच्या मानेवरचे होते. ते लांब पाय पाखराचे. तू पेटी उचकलीस, मान तपासली, आणि शेवटी फावडे घेतलेस.

त्या पाखराची चार अंडी होती, काठाजवळ, एका पानावर. पाणी उतरले तसे ते पान चिखलावर टेकले. रुख्मा रोज जाऊन पाहत होती. तिसऱ्या दिवशी कुत्र्याने खाल्ली.

तुझ्या संशयाची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा मला वाटले ती चिडेल. ती चिडली नाही. म्हणाली, "ते तं वेडे हायेत. पण पाण्यानं काय केलं होतं त्यांचं?" राग आहे तो पाण्याचा आहे. माझ्या मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरते. परत जायचे नाव काढत नाही. मीही काढत नाही.

मैना


सावळघाट
ता. २० ऑगस्ट १९७३

ति. मैनाताईस नमस्कार.

फोडले मीच. तुला माहीत आहे, तिला माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहिलेले असावे म्हणून लिहितो. तीन दुपारी लागल्या. गाळ वरून कडक होता, आत लोण्यासारखा. एकदा पाणी लागले मग मला थांबवता आले नाही. थांबवावेसे वाटले होते हेही खरे आहे, पण ते तू मानणार नाहीस.

मला वाटले, म्हातारी नसली की तो जाईल. तो गेला नाही. ती गेली.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी फावडे आणि घमेले घेऊन खालच्या तोंडाशी गेलो. माती टाकली की वाहून जायची. बाभळीच्या फांद्या आडव्या घातल्या, मागाच्या ताण्यासारख्या, आणि त्यांच्यात लव्हाळा विणला, मग माती धरली. हे काम मला येते. दुसऱ्या दिवशी मनोहरराव आला. काही न विचारता दुसरे घमेले उचलले. दोघांनी मिळून दहाबारा घमेली टाकली. मग मला राहवेना.

"कोणं फोडलं असंल?"

"घूस असेल."

"मोठी असंल."

"हो," तो म्हणाला, "फावडे चालवता येणारी."

आणि माती टाकत राहिला. माणूस वाईट नाही. मला तो अजून आवडत नाही, पण वाईट नाही.

चार दिवसांत तोंड बंद झाले. मध्येच कन्हान चढली आणि वरच्या तोंडावरून दोन दिवस म्हातारीत पाणी लोटत राहिली. पाण्याबरोबर मासेही आले. कमळाची पाने उठली. ताई, मी पाण्यापर्यंत गेलो. गुडघ्यांना काही झाले नाही.

पाचव्या दिवशी मनोहररावाने माझा दंड धरला आणि म्हणाला, "ती पहा, रुख्मा."

मी पाहिले. पानावर चालत होते. पान नुसते थरथरायचे, बुडायचे नाही. वळले तेव्हा मानेमागे ऊन पडले. वहीत खोटे लिहिलेले नव्हते.

मी त्याला म्हटले, "ह्या पाखराचे नाव बदला."

तो म्हणाला, "पुस्तकात सापडले आहे, कमळपक्षी म्हणतात. आजपासून तेच लिहू?"

लिहा म्हणणार होतो. मग मला वाटले, ती परत आली आणि वहीत तिचे नाव नसले तर? मी म्हटले, "वहीत राहू द्या. पण तोंडाने तुम्ही म्हणायचे नाही. म्हणायचे असेल तर मी म्हणीन."

"म्हणा मग," तो म्हणाला.

निघेना. खोकला आला. तो पाठ फिरवून दुर्बीण पुसत बसला, तेव्हा निघाले. पाखराने काही लक्ष दिले नाही. आतापर्यंत अकरा वेळा घेतले आहे. कोणी नसताना सहज येते.

नव्याने अंडी घातली आहेत, पुन्हा चार, काळपट. मनोहरराव सांगतो की त्यांच्यात मादी अंडी घालते आणि निघून जाते, राखण नर करतो. हे तो माझ्याकडे पाहून का सांगतो ते मला समजते. नर दिवसभर पानावर बसलेला असतो. परवा पाणी चढले तेव्हा त्याने एकेक अंडे हनुवटीखाली धरून, मागे मागे सरत, दुसऱ्या पानावर नेले. शेवटचे नेताना घसरले. मी कमरेपर्यंत आत गेलो होतो, पण त्याने मला जवळ येऊ दिले नाही आणि स्वतःच सावरले.

कुत्री येऊ नयेत म्हणून मी सकाळी आणि संध्याकाळी काठी घेऊन बसतो. मनोहररावाला दुपार दिली आहे.

हे सगळे तिला वाचून दाखव. आणि विचार, येते काय. मी तिला वेगळे पत्र लिहायला बसलो होतो. वर काय लिहावे ते समजेना म्हणून तुझेच नाव घातले.

श्रावण


तांडापेठ, नागपूर
ता. ३० ऑगस्ट १९७३

चि. श्रावण यास आशीर्वाद.

पोळा झाला, मारबतीची मिरवणूक निघाली. रस्त्यात सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. मीही मनात म्हटले, माझ्या भावाच्या डोक्यातला किडा घेऊन जा. पाहू किती गेला ते.

तुझे पत्र वाचून दाखवले. रुख्मा कांडी भरत होती, ती थांबली नाही. पण अंडे घसरले तिथे सूत तुटले. मग म्हणाली, माझे पत्र लिहा. इथून पुढे तिचे आहे. मी एक शब्द घातलेला नाही.

"तुमचं ऐकलं. फांद्या बाभळीच्या घातल्या तं कुजतीन. वरून वाळा लावा, मुळ्या धरतेत. अंड्याजवळ जास्त जाऊ नका. कमरेइतकं पाणी तुमच्यानं होत नाही, खोल बाजूले गाळ हाये.

"माह्या पेटीतलं फडकं जसं होतं तसं बांधून ठेवा. त्यातलं निळं पीस मोडलं असंल तं मी विचारीन.

"अकरा वेळा नाव घेतलं म्हणता. पाखराले घेणं सोपं हाये, ते वळून पाह्यत नाही.

"मी आठ तारखेले, शनिवारी, भंडाऱ्याच्या गाडीनं येईन. बारा वाजता मौद्याले लागते. तुमी स्टँडवर या. खिडकीखाली उभं राहून शोभाची माय म्हणाल, नाहीतं खोकलाल, तं मी उतरणार नाही. भंडाऱ्याचं तिकीट काढते. तिथं माही मावसबहीण हाये."

एवढेच तिचे. मी समजावले, म्हटले लोकांसमोर त्याला जमायचे नाही, थोडे कमी कर. ती म्हणाली, "लग्नातही लोकच होते."

तिकीट तिने खरेच भंडाऱ्याचे काढायचे ठरवले आहे. तेव्हा ह्या वेळी मी तुला चिमटा काढायला नाही हे लक्षात ठेव.

मैना


सावळघाट
ता. ९ सप्टेंबर १९७३

ति. मैनाताईस नमस्कार.

काल दहा वाजताच जाऊन बसलो. मनोहररावाला बरोबर घेतले नाही. तो येतो म्हणत होता. मी म्हटले, अंड्यांजवळ कोण बसेल.

गाडी वीस मिनिटे उशिरा आली. स्टँडवर बाजाराची गर्दी होती, आपल्या गावची निम्मी माणसे, गुलाबचंदसुद्धा. गाडी उभी राहिली. ती तिसऱ्या खिडकीत होती. समोर पाहत बसली होती, मला पाहिलेच नाही असे. माणसे उतरली, चढली. मी खिडकीखाली गेलो. तोंड उघडले आणि खोकला आला. खरा खोकला होता, ताई, मुद्दाम नव्हता. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. मी दोन पावले बरोबर चाललो, मग धावलो, गुडघे विसरून.

मग निघाले. एकदा नाही, तीनदा. इतक्या मोठ्याने की भजीवाल्याचा झारा हातातच राहिला. रुख्मा, रुख्मा, रुख्मा. बाई म्हणायचे राहून गेले.

दोन खिडक्यांतून दोन बायांनी माना बाहेर काढल्या. दुसरी कोण होती मला माहीत नाही. आपली हसत होती, दुर्बीण उलटी धरली होती तेव्हासारखी.

गाडी थांबली. गुलाबचंद म्हणाला, "काय गा श्रावण, आज कोणता सण?" मी पिशवी घ्यायला दाराकडे गेलो.

घरी न येता ती सरळ म्हातारीवर गेली. मी मागून गेलो. चारही अंडी फुटली होती. पिल्ले बोटाएवढी आहेत आणि पायाची बोटे त्यांच्याहून मोठी. नर त्यांना पानांवरून चालवत होता. रुख्मा पाण्यात उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "बाभळीवर वाळा लावला नाही तुमी." उद्या लावतो.

निळे पीस मोडलेले नव्हते.

एक गोष्ट राहिली. गाडी थांबल्यावर कंडक्टर दार उघडून म्हणाला, "चला रुख्माबाई, उतरा लवकर." त्याला नाव घ्यायचे काही कारण नव्हते. तोच कंडक्टर आहे, कुंचे नेणारा. पुढचे कुंचे मी दुसऱ्या गाडीने पाठवीन.

श्रावण